जाळ्यात येईल ते

३ मार्च

प्रिय धाकटीस,

तुझा पत्ता मला टपाल कचेरीतल्या बाईंनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच चार खेपा घालून त्यांचं डोकं खाल्लं. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून वरचा पत्ता इंजिनवाल्याकडून लिहून घेतलाय. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पोचलं तर नशीब.

सव्वादोन वर्षं झाली तुला इथून जाऊन. पिल्लू आता शाळेत जायला लागली असेल. उंचीने वडिलांवर गेली का ग?

इकडे सगळं ठीक आहे. हे बरे आहेत. बोट बरी आहे. कायदे मात्र इतके वाढलेत की मासे कमी आणि कागद फार. तू होतीस तेव्हा वर्षाला समुद्रावर जायचे दिवस एकशे वीस मिळायचे, आता नव्वद. बंदर सोडलं की दिवस धरला, मग मासा मिळो न मिळो. त्यात गेल्या वर्षापासून नवा नियम निघालाय: जाळ्यात येईल ते सगळं किनाऱ्यावर आणायचं. लहान असो, मेलेलं असो, कुणाला नको असलेलं असो, परत पाण्यात काही टाकायचं नाही. नजर ठेवायला डोलकाठीवर कॅमेरा बसवलाय. मत्स्य खात्यात एक बाई दिवसभर पडद्यासमोर बसून सगळ्या बोटी बघत असते. बंदरावर तिचं नावच पडलंय कॅमेराबाई. आमचा आचारी रोज सकाळी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतो आणि काय शिजवणार ते सांगतो. तिला ऐकू येत नाही हे त्याला कितीदा सांगितलं.

खात्याचे फॉर्म आता मी भरते. पूर्वी मास्तर भरायचे. तुझ्या नवऱ्याला मी मास्तर म्हटलेलं तुला आवडायचं नाही, पण दोन वर्षं शाळेत कवायत शिकवली आणि माणसाला जन्माचं नाव पडलं, त्याला मी काय करू? ते भरायचे तेव्हा एकही फॉर्म परत आला नाही. माझे येतात.

मागच्या आठवड्यात तर नोटीसच आली. चोवीस फेब्रुवारीला सकाळी सहा चाळीसला कॅमेरा अकरा मिनिटं झाकलेला होता, खुलासा करा. मी लिहून दिलं, ताडपत्री वाऱ्याने उडून कॅमेऱ्यावर बसली. त्या दिवशी वारा नव्हता, पण ते कोण बघतंय.

हे तुला का सांगत बसले कोण जाणे. विचारायचं होतं ते वेगळंच. मास्तरांच्या दाखल्याचं काय झालं? बेपत्ता माणसाचा मृत्यूचा दाखला शेवटचं दिसल्यापासून सात वर्षांनी मिळतो, असं तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे अजून साडेचार वर्षं. तोवर प्रत्येक कागदावर नवऱ्याची सही तू कुठून आणतेस?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी ताई


२१ मार्च

प्रिय धाकटीस,

उत्तर येणार नाही हे माहीत होतं, तरी टपालवाला दिसला की दाराशी जाऊन उभी राहते.

दुसरी नोटीस आलीय. ताडपत्रीची फाइलला लागली, तिचं कुणी काही विचारलं नाही. ही वेगळी. बंदर सोडताना बोटीवर कोण कोण आहे त्याची यादी द्यावी लागते. आमची तुला पाठ असेल: हे, इंजिनवाला, आचारी आणि ते दोघे जुळे. पाच. कॅमेऱ्यात सहा भरतात. एकदा नाही, अठ्ठावीस फेब्रुवारीपासून प्रत्येक फेरीत. यादीत नसलेल्या इसमाचं नाव कळवा म्हणतात. बिनपरवान्याचा माणूस कामावर ठेवला असा त्यांना संशय.

ह्यांनी नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि हात धुतले. थोड्या वेळाने पुन्हा धुतले. मी म्हटलं, कागदाला काय विष लागलंय का? 

इंजिनवाला म्हणाला, मोजायचं काम मशीन करतं, आणि मशीनला डोकं नसतं. कठड्याच्या खुंटीवर रेनकोट लटकत असतात, त्यालाच ते माणूस समजलं असणार. पटलं सगळ्यांना. रेनकोट खाली केबिनमध्ये नेऊन ठेवले. पुढच्या फेरीला परत सहा.

परवा आचारी घरी आला होता, मीठ मागायला. मीठ त्याच्याकडे पोतंभर असतं. बराच वेळ उंबऱ्याशी घुटमळला, मग सांगितलं की जेवण वाढताना त्याच्याकडून सहा ताटल्या निघतात. मोजून पाच घेतो आणि मांडतो तेव्हा सहा असतात. "हात सवयीने घेतो, वहिनी," म्हणाला. मीही म्हटलं, सवयच असणार. तो गेल्यावर लक्षात आलं, सहाची सवय मास्तर होते तेव्हाची. मधल्या अडीच वर्षांत ती कधी वर आली नव्हती.

आणि ते जुळे, एवढे धटिंगण, जाळं ओढताना दोघेही उजव्या बाजूला जाऊन उभे राहतात. डावीकडे कुणी जात नाही. आधी असं झालं असतं तर ह्यांनी त्यांची सालटी काढली असती. आता हे स्वतःच उजवीकडून वळसा घालून जातात.

धुकं फार पडतंय या दिवसांत. घरात बसूनही पदर दमट लागतो.

पिल्लूला मावशीचा पापा.

ताई


७ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "मला पत्रं लिहू नकोस. यांच्याबद्दल काही कळलं असेल तर तेवढंच लिही." दोनच वाक्यं, पण अक्षर तसंच आहे, जेवणाच्या पंगतीसारखं सरळ रांगेत. मी ते दहा वेळा वाचलं असेल.

काही कळलं असं नाही. म्हणजे सांगण्यासारखं नाही. पण खात्यात जाऊन आले ते लिहिते, मग तू ठरव.

सोमवारी दुपारी बोलावलं होतं. हे येतो म्हणाले आणि ऐनवेळी पायात बूट घालून स्वयंपाकघरातच बसून राहिले. हल्ली बसतात असे. मी एकटी गेले. कचेरी म्हणजे एक लांब खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, मधोमध तीन पडदे आणि समोर ती बाई. मला वाटलं होतं कुणी खाष्ट असेल. तुझ्याच वयाची आहे, डोळ्यांखाली काळं, हाताशी थंड झालेला चहा. खुर्ची दिली, म्हणाली, तुम्हीच ओळखा आणि मला मोकळं करा.

तिने सहा मार्चची सकाळ लावली. आमचीच बोट, पण वरून बघायची सवय नाही, त्यामुळे परकी वाटली. हे सुकाणूच्या काचेमागे. इंजिनवाला तेलकट फडकं घेऊन बाहेर आला. जुळे जाळ्याशी. आचाऱ्याने कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. मी बोटांवर मोजले, पाच. आणि डाव्या कठड्याशी, कॅमेऱ्याकडे पाठ करून, पिवळ्या कोटातला एक उंच माणूस उभा.

मी म्हटलं, कोट असेल लटकवलेला. तिने पुढची सकाळ लावली, मग त्याच्या पुढची. कोट खाली नेले होते त्या दिवसाचीही लावली. तो होताच. कधी या टोकाला, कधी त्या टोकाला, पण नेहमी डावीकडेच.

"तो काहीच काम करत नाही," ती म्हणाली. "मी रोज शंभर माणसं बघते. बोट डुलली की माणूस डुलतो, झोपेतसुद्धा डुलतो. हा डुलत नाही."

मी पाणी मागितलं.

मग तिने नियम सांगितला. पंधरा दिवसांत त्या इसमाचं नाव लिहून द्यायचं, नाहीतर परवाना रद्द. फॉर्म दिला. एकाच ओळीचा आहे.

एवढंच. उंच माणसं जगात पुष्कळ असतात.

ताई


११ एप्रिल

धाकटे,

तीन कागद फाडून हा चौथा घेतला. आता सरळ लिहिते. तू बसलेली नसशील तर बस.

मास्तर गेले. तुला ते आतून माहीत असेल किंवा नसेल, पण आता खात्रीने सांगते. चोवीस फेब्रुवारीच्या सकाळी ते आमच्या जाळ्यात आले होते.

तुला बुटक्या आठवतो ना, शेजारच्या धक्क्यावरचा? तुम्ही इथे होतात त्या वर्षी त्याच्या जाळ्यात कुणी अनोळखी माणूस आला होता. त्याने कायद्याप्रमाणे किनाऱ्यावर आणला. चौकशी संपेपर्यंत बोटीला सील ठोकलं, सत्तेचाळीस दिवस. आणि सील असलेले दिवससुद्धा समुद्रावरच्या दिवसांत धरले. सील निघालं तेव्हा हंगाम संपला होता. बोट गेली, आता तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ढकलतो. त्यानंतर अख्खं बंदर शहाणं झालं. कुणी कुणाला शिकवलं नाही. तसलं काही वर आलं की सगळे दुसरीकडे बघतात आणि कप्तान दोर सैल सोडतो. एवढं तुलाही ऐकून माहीत असेल. फक्त आता कॅमेरा आलाय, म्हणून आधी तो झाकावा लागतो.

ह्यांनी तेच केलं. जाळ्यात पिवळा कोट दिसला. ह्यांनी जुळ्यांपैकी थोरल्याला वर चढवून कॅमेऱ्यावर ताडपत्री टाकायला लावली. जाळं सोडवून, होतं ते कठड्यावरून पुन्हा खाली सोडलं. सोडताना कोटाच्या गळ्यातून एक दोरी बाहेर आली, ती आचाऱ्याच्या हातात राहिली. दोरीला शिट्टी होती. कवायतीची, पितळेची. धुक्यात जेवायला बोलवायला मास्तर वाजवायचे ती.

तोवर उशीर झाला होता. ह्यांनी त्याच जागेवर लगेच दोनदा जाळं टाकलं. काही आलं नाही.

हे मला त्या सोमवारी खात्यातून आल्यावर कळलं. ह्यांना समोर बसवून विचारलं तेव्हा सांगितलं. ओळखलं असतं तर परत सोडलं नसतं, असं म्हणाले.

मी क्षमा मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

ताई


१७ एप्रिल

धाकटे,

तुझं दुसरं कार्ड आलं. मला वाटलं होतं शिव्या असतील. तू एकच गोष्ट विचारलीस: "भाऊजींनी आधी ओळखलं की नंतर?"

कार्ड घेऊन ह्यांच्यासमोर ठेवलं. पुष्कळ वेळ ते वाचत राहिले, जसं काही चार पानांचं आहे. मग म्हणाले, "आधी."

जाळं वर आलं तेव्हाच ओळखलं होतं. उंचीवरून, बुटांवरून. शिट्टी तेव्हाच दिसली होती, कोटावर. बाकीच्यांना त्यांनी पाठ करायला लावली, आणि एकट्याने मास्तरांच्या कमरेला साखळीचा तुकडा दोरीने बांधला, पुन्हा कुणाच्या जाळ्यात येऊ नयेत म्हणून. शिट्टीची दोरी आचाऱ्याच्या हातात राहिली ती त्यानंतर. पुन्हा दोनदा जाळं टाकलं हे खरं आहे, पण ते इतरांना दाखवायला. साखळी बांधलेलं वर येत नाही हे ह्यांना माहीत होतं.

आता माझं. मी तुला लिहिलं की मला खात्यातून आल्यावर कळलं. खोटं आहे. पंचवीस फेब्रुवारीला ह्यांच्या विजारीच्या खिशात शिट्टी सापडली. मी ओळखली. ह्यांनी सांगितलं, आणि मी गरम पाण्याने ती धुतली, पुसली, पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि चपात्या लाटायला बसले. ताडपत्रीचा खुलासा मी सगळं माहीत असून लिहिला. तुला पहिलं पत्र पाठवलं तेही त्यामुळेच. खुशाली कसली विचारते मी! तुझी किती वर्षं उरली ते मोजून बघत होते, साडेचार वर्षं कळ काढलीस तर दाखला आपोआप मिळेल आणि आमची झाकली मूठ राहील.

आणि एक. मास्तर बोटीवरून समुद्रात हरवले त्या ऑक्टोबरमध्ये तू धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणालीस की शोध अर्ध्यावर टाकून आमची बोट परत आली, कारण दुसरा दिवस धरला जाईल याची ह्यांना काळजी होती. मी तुला तेव्हा कृतघ्न म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. तुझं खरं होतं. हे दुपारी तीनलाच माघारी फिरले. रात्री बारापर्यंत बंदरात पोचलं की एकच दिवस लागतो.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आई म्हणायची. आम्ही दोघांनी मिळून झाकलं होतं.

आता त्या एका ओळीच्या फॉर्मबद्दल लिहिते, कारण उद्याची मुदत आहे.

हे म्हणाले, "मास्तरचं नाव लिही." मला वाटलं थट्टा करताहेत. पण चेहरा शांत होता, कितीतरी दिवसांत नव्हता इतका. म्हणाले, तो आहेच ना बोटीवर. आपली पाळी करतो. मी सुकाणूवर असलो की डावी बाजू तोच बघतो. कठड्याशी पाणी असतं तिथे, कोरड्या दिवसातही असतं. त्याचं नाव यादीत नाही ही आपलीच चूक आहे.

 खरं सांगते, मला ते ऐकायला बरं वाटलं. नाव लिहिलं तर सगळं सुटणार होतं. यादीत एक नाव राहून गेलं एवढाच गुन्हा, समज देऊन सोडतात. परवाना राहतो. साखळीचं कुणी विचारत नाही. मी टेबलाशी बसले, पेन उघडलं, फॉर्मवर मास्तरांच्या नावाचं पहिलं अक्षर काढलंही.

मग मला तो सात वर्षांचा नियम आठवला. शेवटचं दिसल्यापासून. खात्याच्या कागदावर मास्तर सहा मार्चला बोटीवर उभे आहेत असं मी लिहिलं की तुझी सात वर्षं पहिल्यापासून सुरू. पुढच्या फेरीत पुन्हा दिसले की पुन्हा पहिल्यापासून. आमची बोट जोवर समुद्रावर जाईल तोवर तू लग्नाचीच बायको, वाट बघणारी. आणि कुणीतरी तुला येऊन सांगेल, तुमचे मिस्टर तर दिसले हो.

ह्यांनी एकदा साखळी बांधली. दुसऱ्यांदा ती मी बांधत होते, आणि या वेळी तुला.

फॉर्म फाडला. ह्यांना म्हटलं, मी खात्यात जाते आहे. यायचं तर या, नाहीतर मी एकटी सांगते. ते दारापर्यंत आले, मग म्हणाले, "तो आला की त्याला काय सांगू?" मी चपला घालून बाहेर पडले. गावातून चालताना मागे वळून पाहिलं तर पन्नास पावलांवरून माझ्या मागे येत होते.

दोघांनी जबाब दिलाय. शिट्टी दिली. कॅमेराबाईनेच लिहून घेतला, पोलीस येईपर्यंत. लिहिताना तिचा हात एकदाही थांबला नाही. शेवटी फक्त एवढंच म्हणाली, आज सकाळचं बघायचं राहिलंय, ते मी बघणार नाही.

ताई


२ मे

धाकटे,

मास्तरांना आणलं.

तुला सरकारी कागद आला असेलच, पण त्यात कसं झालं ते नसणार, म्हणून लिहिते.

बोटीला सील आहे, परवाना गेला. जागा दाखवायला ह्यांना खात्याच्या बोटीवरून नेलं. बंदरातल्या माणसांनी धक्क्यावर गर्दी केली होती. मी पुढे झाले तसे ते बाजूला सरले, दोन्ही अंगांनी, जसं गाडीला वाट देतात. बुटक्याही होता. त्याने तेवढी मान हलवली.

दिवस स्वच्छ होता, पाणी आरशासारखं. हे म्हणतात, नकाशा बघायची गरज पडली नाही. एकदाच जाळं टाकलं. खात्याच्या माणसांना वाटलं होतं चार-पाच दिवस लागतील, साखळी आहे, खाली चिखल आहे. पहिल्याच ओढीला वर आले. साखळी नव्हती. तुटलेलीही नाही, दोरीही नाही. ह्यांनी विचारलं, कमरेला गाठ होती ती कुठे गेली? कुणाला काही सापडलं नाही. ह्यांची गाठ आजवर सुटलेली मी पाहिलेली नाही, सुरी लावावी लागते.

इस्पितळात ओळख पटवायला मला बोलावलं. तू लांब आहेस म्हणून आधी मी. तुझी सही लागेलच, पण बघायलाच हवं असं नाही, मी डॉक्टरांना विचारून घेतलंय. तू आल्यावर बघू नकोस असं मी सांगणार नाही, तुझा हक्क आहे. पण कोटात आणि बुटांत उरलं तेवढंच आहे, हे आधी ठाऊक असू दे.

आता जे लिहिणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, ह्यांनाही नाही. तुला सांगावं की नाही याचा तीन दिवस विचार केला. शेवटी म्हटलं, तुझ्यापासून लपवायचं आता काही ठेवायचं नाही, मग ते काहीही असो.

डॉक्टरांनी बूट टेबलावर आडवे ठेवले होते, तळवे माझ्याकडे. त्यांच्या कागदात त्यांनी लिहिलंय: तळव्यांवर हिरवट डाग, बहुधा शेवाळ. शेवाळ नाही ते. या जानेवारीत आम्ही डेकला हिरवा रंग दिला. पहिल्यांदाच हिरवा, तू असताना तांबडा असायचा. पाय घसरू नये म्हणून त्यात वाळू घालतात, आणि महिनाभर त्यावर वावरलं की रंग बुटांच्या तळव्यात बसतो, घासून निघत नाही. ह्यांच्या बुटांना आहे. इंजिनवाल्याच्या, आचाऱ्याच्या, जुळ्यांच्या बुटांनाही आहे. मी रोज दाराशी बघते, तो हिरवा मी अंधारातही ओळखेन.

मास्तर या हिरव्या डेकवर होते ते चोवीस फेब्रुवारीची अकरा मिनिटं, आणि तीही आडवे. आडव्या माणसाचे तळवे जमिनीला लागत नाहीत. आणि हे तळवे नुसते डागाळलेले नव्हते ग. टाचेशी झिजले होते, एका बाजूने जास्त. कुणीतरी एकाच जागी तासन् तास उभं राहावं तसे.

मी डॉक्टरांना एवढंच म्हटलं, हो, बूट त्यांचेच.

हे रोज सकाळी चौकीवर हजेरी लावून येतात. खटला उभा राहील, किती दिवसांची शिक्षा ते ठाऊक नाही. तू येशील तेव्हा समोर यावं की नाही असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ते मी ठरवायचं नाही. तू कळव, तसं होईल. तू नको म्हणालीस तर ते इंजिनवाल्याकडे जाऊन राहतील. मीही नको असेन तर किल्ली शेजारी देऊन जाईन.

शनिवारची दुपारची गाडी बरी पडेल, सकाळी निघालीस तर दोनदा गाडी बदलावी लागते. पिल्लूला आणायचं की नाही ते तुझ्यावर.

एक काम राहिलंय. मृत्यूच्या दाखल्याचा कागद तयार आहे, आता सात वर्षं थांबायला नको. मी शुक्रवारी गेले होते. सगळे रकाने भरून झाले, नाव, वय, धंदा, आणि मग तारखेचा आला. मी म्हटलं, अडीच वर्षांपूर्वीची नऊ ऑक्टोबर. टेबलापलीकडच्या बाईंनी पेन टेकवलं आणि सवयीने विचारलं, "नक्की ना?"

साधा प्रश्न होता. मला हो म्हणवेना.

त्यांनी रकाना मोकळा ठेवलाय. बायकोने सांगितलेली तारीख चालते म्हणाल्या.

तुझी ताई